‘रिसीट’मधला मुका पी : इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग, अर्थ आणि मूळ कसं शोधायचं

‘रिसीट’चं स्पेलिंग शाळेत घोकून पाठ केलेलं असतं, तरी इंग्रजीत अर्ज लिहिताना नेमकं तिथेच पेन अडतं. आय आधी की ई आधी? आणि तो पी नक्की कुठे बसतो? उच्चारात कुठेच न येणारं अक्षर दिसलं की बहुतेक जण एक तर ‘इंग्रजीला काही धरबंधच नाही’ म्हणून सोडून देतात, नाहीतर आणखी दहा वेळा लिहून काढतात. मी इंग्रजी शिकणाऱ्यांना तिसरी वाट सुचवतो. ते अक्षर तिथे कुणी, कधी आणि कशासाठी बसवलं हे शोधून काढा. एकदा कळलं की ते स्पेलिंग चुकत नाही, आणि सोबत आणखी आठ-दहा शब्द फुकटात पाठ होतात.

ज्यांनी शब्दकोशात अर्थापलीकडे कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. फोन, वही आणि थोडा निवांत वेळ एवढंच लागतं. ‘रिसीट’ हा एकच शब्द आपण मुळापर्यंत नेऊ. पायऱ्या कोणत्याही शब्दाला याच लागतात.

पहिली पायरी : आधी ऐका, मग अक्षरं मांडा

शब्दकोशाच्या संकेतस्थळावर स्पीकरचं चिन्ह असतं. ते दाबून उच्चार ऐका आणि तो जसाच्या तसा देवनागरीत लिहा : रिसीट. आपल्याकडे काउंटरवर ‘रिसिप्ट’ असा उच्चार सर्रास ऐकू येतो. तो स्पेलिंगवरून घेतलेला आहे, म्हणून कानावर भरवसा ठेवा, डोळ्यांवर नको. देवनागरी या कामाला फार उपयोगी पडते, कारण ती बहुतेक वेळा ऐकू येतं तेच लिहिते.

आता त्याखाली अक्षरं मांडा : आर, ई, सी, ई, आय, पी, टी. प्रत्येकापुढे त्याचा आवाज लिहा. आरचा र, पहिल्या ईचा इ, सीचा स, ई-आय मिळून दीर्घ ई, टीचा ट. पीपुढची जागा रिकामी राहते. म्हणजे या शब्दाला विचारायचे प्रश्न दोनच : ई-आय असा क्रम का, आणि पी कशाला?

पहिल्याचं उत्तर पटकन देऊन टाकू. दीर्घ ‘ई’चा आवाज असेल आणि आधी सी असेल, तर ई आधी येतो आणि आय नंतर : रिसीव्ह, डिसीव्ह, सीलिंग, रिसीट. सी नसेल तर बहुधा आय आधी : बिलीव्ह, फील्ड, चीफ. ‘सीझ’, ‘प्रोटीन’, ‘स्पीशीज’ असे अपवाद आहेत, ते वेगळे लिहून ठेवा. हा नियम फक्त दीर्घ ‘ई’च्या आवाजाला लागतो. ‘सायन्स’मध्ये सीनंतर आय आधी येतो म्हणून नियम खोटा ठरत नाही, तिथे तो आवाजच नाही.

दुसरी पायरी : शब्दाची भावंडं गोळा करा

मुकं अक्षर ज्या भावंडात बोलतं, तो शब्द शोधा. रिसीव्ह, रिसेप्शन, रिसेप्शनिस्ट, रिसिपियंट, रेसिपी. यांतल्या चारांत पी खणखणीत ऐकू येतो. पाठांतराचा प्रश्न इथेच सुटतो : ‘रिसेप्शन’मध्ये जो पी आहे, तोच ‘रिसीट’मध्ये आहे.

ही युक्ती इतरत्रही चालते. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला बी ‘डेबिट’मध्ये बोलतो. ‘डाउट’मधला बी ‘डुबियस’मध्ये, ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’मध्ये, ‘बॉम्ब’मधला शेवटचा बी ‘बॉम्बार्ड’मध्ये, ‘मसल’मधला सी ‘मस्क्युलर’मध्ये. वहीत अशा जोड्यांसाठी एक पान वेगळं ठेवा.

आता भावंडांच्या रांगा शेजारी शेजारी लावा. रिसीव्ह, रिसेप्शन, रिसीट. डिसीव्ह, डिसेप्शन, डिसीट. कन्सीव्ह, कन्सेप्शन, कन्सीट. तिन्ही रांगा एकाच साच्यातल्या आहेत. पण ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’ या शब्दांत पी नाही आणि ‘रिसीट’मध्ये आहे. हा फरक वहीत ठळक लिहा. अशी विसंगती सापडली की तिथे काहीतरी घडून गेलेलं असतं, आणि ते शोधता येतं.

इथे एक सावधगिरी हवी. सारखे दिसणारे शब्द भावंडं असतीलच असं नाही. इंग्रजी ‘हॅव’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ दोन्हींचा अर्थ जवळ बाळगणं, दिसायलाही सारखे, तरी त्यांचं मूळ एक नाही. ‘हॅव’चं खरं नातं लॅटिन ‘कापेरे’शी, म्हणजे पकडणं किंवा घेणं या क्रियापदाशी आहे. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या कुळातल्या त्या भाषांत, मूळच्या ‘क’चा ‘ह’ झाला, तसा हा बदल. आणि हेच ‘कापेरे’ आपल्या ‘रिसीट’च्याही मुळाशी आहे. चेहऱ्यावरून नातं ठरवायचं नाही, ते शब्दकोशातूनच ठरवायचं.

तिसरी पायरी : शब्दकोशातली बारीक अक्षरं वाचा

मेरियम-वेब्स्टरचा शब्दकोश फुकट उघडतो. पान खाली सरकवलं की व्युत्पत्तीचा भाग येतो आणि शब्द पहिल्यांदा कधी सापडला तेही दिलेलं असतं. डग्लस हार्पर यांचं ‘एटिमऑनलाइन’ हे संकेतस्थळ फक्त व्युत्पत्तीसाठीच आहे. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण तिथे संक्षेप कमी आणि वाक्यं सरळ आहेत. सगळ्यांत सखोल म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला 1928 उजाडलं. शब्द जुन्या पुस्तकांत कुठे आणि कसा वापरला गेला, त्याची अवतरणं असंख्य स्वयंसेवकांनी चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली होती. ही डिक्शनरी पाहायला वर्गणी लागते, पण मोठ्या ग्रंथालयांत मिळते.

नोंदीतले संक्षेप पहिल्यांदा डोळ्यांवर येतात. ओ-ई म्हणजे जुनी इंग्रजी, साधारण 1100 पर्यंतची. एम-ई म्हणजे मध्ययुगीन इंग्रजी, साधारण 1500 पर्यंतची. एल म्हणजे लॅटिन, ओ-एफ म्हणजे जुनी फ्रेंच. टोक डावीकडे असलेली कोनासारखी खूण ‘यापासून आला’ असं सांगते. शब्दाच्या आधी तारा असेल तर तो शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी तुलना करून मांडलेला आहे.

हे वाचायची सवय मराठीतून लावायची असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडा. 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. तिथे शब्दापुढे कंसात एस असेल तर संस्कृत आणि पी असेल तर फारसी. कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ हाताशी असेल तर उत्तमच. आपल्या ओळखीच्या शब्दांवर हात बसला की परक्या नोंदीची भीती जाते.

आता ‘रिसीट’ची नोंद उलगडू. ‘रे’ हा उपसर्ग आणि ‘कापेरे’ हे क्रियापद मिळून लॅटिनमध्ये ‘रेकिपेरे’ झालं, म्हणजे परत घेणं, स्वीकारणं. त्याचं स्त्रीलिंगी भूतकाळवाचक रूप ‘रेकेप्टा’, म्हणजे ‘घेतलेली’ वस्तू किंवा रक्कम. ते फ्रेंचमध्ये गेलं. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या दरबारात आणि कचेऱ्यांत जी फ्रेंच चालू लागली, तिच्यात त्याचं रूप ‘रेसेइत’ असं होतं. तिथून 14व्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजी लिखाणात आलं. तेव्हाच्या स्पेलिंगमध्ये पी नव्हता.

चौथी पायरी : अक्षर कधी आलं ते पाहा

मराठी वाचकाला ही गोष्ट इंग्रजाहून सोपी जावी, कारण तत्सम आणि तद्भव हे दोन शब्द आपण शाळेतच शिकलेले असतो.

संस्कृत ‘सप्त’ प्राकृतात ‘सत्त’ झाला आणि मराठीत ‘सात’. प आणि त एकत्र आले की बोलणाऱ्याची जीभ सोपी वाट काढते आणि प गळून पडतो. लॅटिनमध्येही हेच झालं. ‘सेप्टेम’ म्हणजे सात, त्याचं इटालियनमध्ये ‘सेत्ते’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘सेत’. त्याच वाटेने ‘रेकेप्टा’चा पी फ्रेंचमध्ये गळला. इंग्रजांनी शब्द फ्रेंचकडून घेतला तेव्हा त्यात पी उरलेलाच नव्हता. म्हणजे ‘रिसीट’ हा लॅटिनचा तद्भव. ‘रिसेप्शन’ मात्र लॅटिनच्या रूपाला धरून राहिलेला, आपल्या भाषेत तत्सम. म्हणून त्यात पी टिकला.

मग 1500 च्या सुमारास चित्र बदललं. युरोपात लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांचा अभ्यास नव्याने जोरात सुरू झाला होता. लिहिणाऱ्या-छापणाऱ्या मंडळींना वाटू लागलं की इंग्रजी शब्दांचं लॅटिन मूळ स्पेलिंगमध्ये दिसायला हवं. म्हणून ‘डेट’मध्ये ‘डेबिटुम’चा बी आला, ‘डाउट’मध्ये ‘दुबितारे’चा बी आणि ‘रिसीट’मध्ये ‘रेकेप्टा’चा पी. उद्या कुणी ‘सात’ हा शब्द ‘साप्त’ असा लिहायला लावला आणि वाचायला मात्र ‘सात’च सांगितलं, तर जे होईल तेच इथे झालं. फ्रेंचांनी तर सातच्या बाबतीत अक्षरशः हे केलं : ‘सेत’च्या स्पेलिंगमध्ये पी परत घातला, आणि उच्चार आजही ‘सेत’च आहे.

तेव्हाही यावर वाद होताच. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ नाटकातला शाळामास्तर होलोफर्नीझ तावातावाने सांगतो की ‘डेट’ आणि ‘डाउट’मधला बी उच्चारायलाच हवा. लोकांनी त्याचं ऐकलं नाही. काही शब्दांत मात्र अशा पंडितांचं चाललं. ‘परफेक्ट’ पूर्वी ‘पारफित’ होता. सी लिहिला गेला आणि हळूहळू बोलण्यातही आला. ‘फॉल्ट’मधला एल आणि ‘अ‍ॅडव्हेंचर’मधला डी यांचंही तसंच.

आता दुसऱ्या पायरीतल्या विसंगतीकडे परत जा. 16व्या-17व्या शतकांत ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’ हे शब्दही कुणी पी घालून लिहीत, कुणी न घालता. ‘रिसीट’चंही तेच. तिन्ही शब्द डळमळत होते. पुढे ‘रिसीट’ने पी धरला आणि बाकी दोघांनी सोडला. सॅम्युअल जॉन्सन यांच्या 1755 च्या शब्दकोशात ही रूपं आजच्यासारखीच आहेत, आणि त्या शब्दकोशाचा दबदबा एवढा होता की त्यात जे बसलं ते मुरलं. तेव्हा ‘डिसीट’मध्ये पी का नाही, याचं कारण व्याकरणात शोधू नका. ते वापरात आहे, आणि वापर कुणा एकाच्या हातात नसतो.

कधी कधी पंडित चुकलेही. ‘आयलंड’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्यात एस कधीच नव्हता. पण लॅटिन ‘इन्सुला’वरून फ्रेंचमार्गे आलेला ‘आइल’ हा वेगळा शब्द शेजारी होता, त्याचाही अर्थ बेट. दोघांचं मूळ एकच समजून ‘आयलंड’मध्येही एस घुसवला गेला. म्हणून ‘इन्सुलर’वरून ‘आयलंड’चा एस लक्षात ठेवायला हरकत नाही, पण ते नातं खरं नाही, हे वहीत लिहून ठेवा.

पाचवी पायरी : अर्थाला तारखा लावा

स्पेलिंग सुटलं की बहुतेक जण वही मिटतात. तसं करू नका. नोंदीतले अर्थ वापरात कधी आले, त्या क्रमाने मांडा. अर्थाशेजारची तारीख ही त्या अर्थाची उपलब्ध लिखाणातली पहिली नोंद असते. बोलण्यात तो त्याआधीही असू शकतो.

14व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलेल्या या शब्दाचे तेव्हाचे दोन अर्थ महत्त्वाचे. एक, स्वीकारण्याची क्रिया. दुसरा, औषध कसं बनवायचं त्याचा पाठ, कोणती द्रव्यं किती घ्यायची याची यादी. पुढे स्वयंपाकाच्या कृतीलाही ‘रिसीट’च म्हणू लागले. शेकडो वर्षं इंग्रज घरांत केकची ‘रिसीट’ लिहून ठेवत. पैसे मिळाल्याचा लेखी पुरावा, म्हणजे आजचा ठळक अर्थ, 1600 च्या आसपास दिसू लागतो. एक जागेचाही अर्थ होता : जिथे पैसे घेतात ते ठिकाण. 1611 च्या इंग्रजी बायबलात, पुढे येशूचा शिष्य झालेला मत्तय जकात नाक्यावर बसलेला आहे, आणि त्या नाक्यासाठी तिथे ‘रिसीट’ हाच शब्द आहे.

मग कृतीचा अर्थ ‘रेसिपी’कडे कसा गेला? ‘रेकिपे’ हे त्याच लॅटिन क्रियापदाचं आज्ञार्थी रूप : ‘घे’. युरोपातले वैद्य औषधाची चिठ्ठी याच शब्दाने सुरू करत. पुढच्या वेळी मेडिकलच्या दुकानात उभे असाल तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीचा डावीकडचा वरचा कोपरा बघा. आर अक्षराच्या पायाला तिरपी रेघ मारलेली खूण तिथे असते, बघणाऱ्याला आर-एक्स वाटते. त्यातला एक्स हे अक्षर नाही. ती रेघ म्हणजे ‘हा शब्द तोडून लिहिला आहे’ असं सांगणारी जुनी खूण, आणि तोडलेला शब्द ‘रेकिपे’. ही आज्ञा रोग्याला नव्हती, औषध बनवणाऱ्याला होती : पुढची द्रव्यं इतकी इतकी घे. यादीच्या शेवटी ‘मिस्के’ असा शब्द असे, म्हणजे मिसळ. लॅटिन ‘मिस्के’ आणि संस्कृत ‘मिश्र’ हे खरोखरच एका मूळचे आहेत आणि आपलं ‘मिसळणं’ ‘मिश्र’वरूनच आलेलं आहे. चेहरा सारखा आणि नातंही खरं, असं क्वचित सापडतं.

तर ‘रेसिपी’ इंग्रजीत 16व्या शतकाच्या उत्तरार्धात औषधाची चिठ्ठी म्हणून आला, 18व्या शतकात तो स्वयंपाकघरात शिरला आणि ‘रिसीट’ तिथून हळूहळू बाहेर पडला. 20व्या शतकातही जुनी माणसं पदार्थाच्या कृतीला ‘रिसीट’ म्हणत. जर्मन शिकणाऱ्यांना हे आजही भेटतं : ‘रेत्सेप्ट’ म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठीही आणि पदार्थाची कृतीही. फ्रेंच ‘रसेत’मध्ये पदार्थाची कृती आणि धंद्यातली जमा रक्कम असे दोन्ही अर्थ आहेत.

जमेचा हा अर्थ इंग्रजीतही टिकला आहे. तुमच्या हाउसिंग सोसायटीच्या किंवा मंडळाच्या हिशेबात ‘रिसीट्स अँड पेमेंट्स’ असं पान असतं. तिथे ‘रिसीट्स’ म्हणजे पावत्यांची पुस्तकं नव्हेत, आलेला पैसा. वाणिज्य शाखेतली नवी मुलं इथे हमखास गोंधळतात. पत्रात ‘ऑन रिसीट ऑफ’ असं आलं तर अर्थ ‘मिळाल्यावर’, तिथे कागदाचा संबंध नाही. आणि समाजमाध्यमांवर कुणी ‘रिसीट्स’ मागितल्या तर त्याला बोलण्याचा पुरावा हवा असतो, बहुधा स्क्रीनशॉट.

आपल्याकडे काय झालं तेही जाता जाता पाहा. ‘पावती’ आली ‘पावणे’वरून, म्हणजे पोचणं, मिळणं. ‘रसीद’ फारसीतून, मुळात ‘पोचलं’. लॅटिन, मराठी आणि फारसी, तिघांनीही कागदाला नाव दिलं ते त्यावरच्या मजकुरावरून : मिळालं.

सहावी पायरी : गोड गोष्टींपासून सावध

शब्दांच्या जन्मकथा व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर फिरतात. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, ही त्यांतली सर्वांत लाडकी. प्रत्यक्षात तो ‘न्यू’ या शब्दाचंच अनेकवचनी रूप आहे. ‘पॉश’ची गोष्ट तर मुंबईशी जोडलेली : इंग्लंडहून इकडे येणाऱ्या बोटीत श्रीमंतांना जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, सावलीतली खोली मिळे आणि तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, परतताना उजवी) या शब्दांच्या चार आद्याक्षरांचा शिक्का बसे. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. आर-एक्स म्हणजे गुरू ग्रहाचं चिन्ह, अशीही कथा सांगतात. तिच्या नादी लागू नका.

कसोटी साधी आहे. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत मुख्यतः 20व्या शतकातली. त्याआधीच्या शब्दाची आद्याक्षरांची कथा कुणी सांगितली तर ती जवळपास नेहमीच खोटी निघते. आणि कथेला तारीख नसेल, जुन्या लिखाणातलं उदाहरण नसेल, तर ती शब्दकोशात मिळेपर्यंत पुढे पाठवू नका. चुकीची व्युत्पत्ती एकदा डोक्यात बसली की ती काढायला फार त्रास पडतो.

सातवी पायरी : वहीतली नोंद

एका शब्दाला अर्धं पान पुरतं. वर देवनागरीत उच्चार, खाली अक्षरं, मुक्या अक्षराखाली रेघ. मग ते अक्षर बोलतं तो भाऊ. मग प्रवास एका ओळीत : लॅटिन रेकेप्टा, फ्रेंच रेसेइत, इंग्रजी रिसीट, पी 1500 च्या सुमारास. मग अर्थ तारखांसकट. शेवटी स्वतःच्या वापरातली दोन वाक्यं, एक पावतीच्या अर्थाचं आणि एक ‘मिळाल्यावर’ या अर्थाचं. ही वाक्यं टाळू नका, नाहीतर शब्दाचा इतिहास येईल आणि शब्द येणार नाही.

सुरुवातीला ‘डेट’ घ्या, त्याची वाट ‘रिसीट’सारखीच आहे. मग ‘सामन’ मासा, ज्यातला एल असाच मागाहून आला. हात बसला की ‘कर्नल’ घ्या. स्पेलिंगमध्ये एल दोनदा आणि उच्चारात र, असा तो शब्द आहे. त्याचा माग काढताना इटालियन आणि फ्रेंच अशा दोन्ही नोंदी शेजारी ठेवा, कारण स्पेलिंग एकीकडून आलं आणि उच्चार दुसरीकडून.